अण्णांची गाऊटची गोळी आणि केमो : माझा अनुभव

आमच्या अण्णांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजायचा आजार, जुना आहे. सगळं आयुष्य यंत्रमागावर उभं राहून गेलं, आणि पायाचा अंगठा सुजला की नुसती चादर लागली तरी ओरडायचे. रोज रात्री झायलोरिक म्हणजे अलोप्युरिनॉल, बरीच वर्षं चालू. इतकी सवयीची की अण्णा तिला औषधात धरतच नव्हते, औषध म्हणजे बीपी आणि शुगर, ही आपली "पायाची गोळी".

मागच्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि नंतर केमो सांगितली. दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन सलाईनमधून, आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस सुट्टी. फाईल करताना बीपी शुगरचं विचारलं, ते सांगितलं, गाऊटचं कुणी विचारलं नाही आणि अण्णा आपणहून काय बोलणार.

पकडलं कुणी तर आमच्या सोलापुरातल्या सात रस्त्याच्या मेडिकलवाल्यानं. महिन्याची झायलोरिक आणि कॅपेसिटाबिन एकाच बिलात घेत होतो तर तो थांबला, म्हणाला "ही दोन्ही एकाच पेशंटची का ओ? मग आधी डॉक्टरला विचारा, ही जोडी नको म्हणतात." मी तिथंच उभा राहून कॅपेसिटाबिनच्या डब्यातला तो बारीक अक्षराचा कागद उघडला, त्यात अलोप्युरिनॉल टाळा असं खरंच होतं.

मग सुरू झाली खरी गंमत. फॅमिली डॉक्टर म्हणाले गोळी एकदम बंद करू नका, गाऊट उसळेल. केमोच्या ठिकाणी फोनवर जे कोण होते ते म्हणाले "चालतंय ओ, काही होत नाही". त्यात भावकीतल्या एकानं सांगितलं की त्यांच्या पोराला ब्लड कॅन्सरमध्ये पहिल्याच आठवड्यात हीच गोळी डॉक्टरांनी स्वतः दिली होती, मग तुम्हाला कशी चालत नाही? घरात रोज चर्चा, अण्णा वैतागून म्हणायचे "ठरवा काय ते, मला दोन्ही गिळायला काय अडचण नाही."

शेवटी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून नेल्या आणि टेबलावर ओतल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं. ब्लड कॅन्सरमध्ये केमोनं पेशी एकदम फुटतात, युरिक ॲसिड धो धो वाढून किडनी धोक्यात येते, म्हणून तिथं अलोप्युरिनॉल मुद्दाम देतात. पण त्याच ब्लड कॅन्सरमध्ये पुढे ६-मरकॅप्टोप्युरिनची गोळी असते, ती ज्या एन्झाइमनं शरीरात मोडते तेच अलोप्युरिनॉल अडवतं, मग ती अंगात साठून रक्तपेशी खाली आणते, म्हणून दोन्ही द्यायच्याच झाल्या तर तिचा डोस पाव ते एक तृतीयांशावर आणतात. आमचं प्रकरण उलटं. कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयू होतं, तेच कॅन्सरवर काम करतं, आणि अलोप्युरिनॉलमुळे त्याचा असर कमी होऊ शकतो. साठणं नाही, वाया जाणं. एवढे पैसे, एवढा त्रास आणि औषध अर्धवट लागू पडायचं, हे ऐकून मलाच घाम फुटला. केमो सुरू व्हायच्या आधीच झायलोरिक बंद झाली. (आमचं बघून कुणी आपली गोळी बंद करू नका, केमो प्रत्येकाची वेगळी.)

घरी येऊन मी वाचत बसलो तर कळलं, हे अलोप्युरिनॉल गाऊटसाठी शोधलंच नव्हतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या शास्त्रज्ञांनी ६-मरकॅप्टोप्युरिनचा जोर वाढवायला ते आणलं, युरिक ॲसिड उतरतं हे त्यातून निघालं आणि १९६६ला अमेरिकेत गाऊटसाठी मंजुरी मिळाली. १९८८च्या नोबेलमध्ये दोघंही आहेत. म्हणजे जिचं केमोशी नातं जन्मापासूनचं, तिलाच आम्ही साधी पायाची गोळी समजत होतो.

गोळी बंद केल्यावर व्हायचं ते झालं, घोटा सुजला. एक मजेशीर गोष्ट, सलाईनच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉईड, तेवढे दिवस पाय एकदम गप्प, आणि त्याचा असर गेला की ठणका सुरू. पेनकिलर किडनीमुळे नको म्हणाले. कोल्चिसिन हे गाऊटच्या ठणक्याचं दुसरं औषध, त्यानं जुलाब होतात आणि कॅपेसिटाबिननंही होतात, मग जुलाब कुणाचे ते कळणार नाही, म्हणून तेही नको. थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिलं, शुगर चढली, ती सांभाळली.

त्यात तळपाय लाल झाले. अण्णा म्हणाले "परत गाऊट आलाय". पण गाऊटला एक सांधा गरम आणि सुजलेला असतो, इथं दोन्ही तळवे आणि हातसुद्धा जळत होते, कातडी सोलत होती. तो कॅपेसिटाबिनचा परिणाम निघाला, डोस कमी करावा लागला.

पाण्याचं तर विचारूच नका. युरिक ॲसिडसाठी भरपूर पाणी प्या, आणि ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे गार काही घशाला लागलं की झिणझिण्या. सोलापूरचा एप्रिल, माठ भरलेला, आणि अण्णा कोमट पाणी पीत शिव्या देतायत. वजडी कलेजी बंद केली त्याचं काही नाही, पण तोंड आल्यामुळे शेंगाची चटणी सुटली त्याचं दुःख केमोपेक्षा जास्त.

केमो संपल्यावर झायलोरिक परत चालू केली, डॉक्टरांना विचारूनच, जुन्या ३०० मिलिग्रॅमवर एकदम नाही तर १०० पासून. पुढच्या महिन्यात युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून वाढवायचं का ते सांगणार आहेत.