जपान अभ्यासाची फाइल मंडळातून बाहेर काढताना : माझा अनुभव

पदवीच्या मुलांसाठी ‘जपान अभ्यास’ हा दोन क्रेडिटचा विषय पुण्यात सुरू करायचा, तर प्राचार्यांची सही, वर्गखोली, वेळापत्रक यांचा काही त्रास होत नाही. अडतं ते अभ्यासमंडळात, म्हणजे अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या समितीत. आमची फाइल परकीय भाषांच्या मंडळाकडे गेली. ‘यात व्याकरण नाही’ असा शेरा मारून त्यांनी ती इतिहासाकडे धाडली, आणि इतिहासाने ‘जपानी म्हणजे भाषा’ म्हणून परत पाठवली. आतली घटकांची यादी कुणी वाचलीच नाही, याचा राग मला अजून आहे. मंडळाची बैठक वारंवार होत नाही. एक हुकली की सत्र गेलं.

फाइल सुटली ती तासांच्या तक्त्यामुळे. एका क्रेडिटला १५ तास तासिका, म्हणजे दोनला ३०. प्रत्येक घटकापुढे तास आणि विद्याशाखा लिहिली : एदो काळ, १६०३ ते १८६८, ८ तास, इतिहास; मेइजी सम्राटाच्या राजवटीपासून १९४५पर्यंत, ८ तास, इतिहास; १९४७ची राज्यघटना, तिचं युद्धाचा त्याग करणारं नववं कलम आणि युद्धोत्तर अर्थव्यवस्था, ८ तास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र; भारत-जपान संबंध, ६ तास. लिपी यात घालू नका. लेखनसराव प्रात्यक्षिकात धरतात, तिथे एका क्रेडिटला ३० तास लागतात आणि सगळा हिशोब कोलमडतो. हिरागाना या जपानी उच्चारलिपीची ४६ मूळ अक्षरं पहिल्या दोन आठवड्यांत, गुणांशिवाय, वेगळी शिकवा. हिरागानात लिहिलेली नावं वाचायला तेवढी पुरतात.

फाइल देण्याआधीच ती कोणत्या मंडळाकडे जाणार हे अधिष्ठात्यांकडून लेखी घ्या. पोच आणि आवक क्रमांक तर हवाच.

मुलं हमखास जेएलपीटीचं, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचं विचारतात. या विषयावर एन-५, म्हणजे तिची सर्वांत सोपी पातळी, होईल असं सांगू नका. १८०पैकी ८० मिळूनही ऐकण्यात ६०पैकी १९च्या खाली गेलं की नापास, आणि ऐकण्याचा सराव इथे होतच नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची भेट दाइम्यो, म्हणजे एदो काळातले सरंजामदार, शिकवून झाल्यावरच ठेवा. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे, आणि कोराकुएन एका दाइम्योने उभारलेलं. सरंजामदाराची ऐपत आणि हौस काय होती, हे तळ्याभोवतीच्या वाटेवरून चालवत दाखवता येतं. आधी नेलं तर मुलं फक्त फोटो काढतात.

भारत-जपान घटकात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांच्या टोकियो खटल्यातल्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या खटल्यातल्या, आरोपींना निर्दोष ठरवणाऱ्या भिन्नमतपत्राला पूर्ण तास द्या. वर्गात सगळ्यांत जास्त वाद त्यावरच होतो.