जेसीएम 800 की 5150: हेड घेण्याआधी काय बघायचं

मेटलसाठी गिटारचं ट्यूब हेड (स्पीकर नसलेला, ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) घ्यायचं म्हटलं की पहिला वाद ठरलेला: पॉवर ट्यूब ईएल34 की 6एल6? या वादात फारसा दम नाही. पॉवर ट्यूबचा फरक कानाला कळतो, पण हेडचा स्वभाव मुख्यतः प्रीअँपमध्ये, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागात ठरतो. गेनचे (सिग्नल वाढवण्याचे) टप्पे किती आणि सिग्नल नेमका कुठे कापला जातो, ते आधी बघा.

मार्शल जेसीएम 800 मधलं 2203 घ्या. 100 वॅट, प्रीअँपमध्ये तीन ईसीसी83 ट्यूब, पुढे चार ईएल34. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच हेडमध्ये ईएल34 ऐवजी 6550. हाय इनपुटला तीन गेन टप्पे मिळतात, लो इनपुटला पहिला टप्पा वगळला जातो. दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला 10 किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्यामुळे ती ट्यूब इतकी थंड, म्हणजे इतक्या कमी करंटवर चालते की लाटेची एक बाजू लवकर कापली जाते. मार्शलची ती ओळखीची करकर बरीचशी तिथून येते. हार्ड रॉकला हे पुरेसं आहे, पण ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (सगळ्यात जाड तार सी पर्यंत उतरवून) पाम म्यूट करायला, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवायला गेलात की गेन तोकडा पडतो.

अशा वेळी पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल लावतात: ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल फुल्ल, टोन मध्यावर. पेडल खालचा बेस हेडमध्ये शिरण्याआधीच कमी करतं, म्हणून पाम म्यूट घट्ट वाजतो. नुसता गेन वाढवला तर तोच बेस आणखी गढूळ होतो. 5150 लाही हीच युक्ती चालते. तिथे गेन 4 ते 5 वर थांबवा. 10 वर नेलात तर दोन नोटांमधली शांतता गेलीच.

पीव्ही 5150 आलं 1992 मध्ये: पाच 12एएक्स7 (ईसीसी83 चंच अमेरिकन नाव), चार 6एल6, 120 वॅट. डिस्टॉर्शन जवळपास सगळं प्रीअँपमध्ये होतं, त्यामुळे मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली असतानाही आवाज ओळखू येतो. 2203 ला मात्र थोडं उघडावं लागतं, आणि शेजारी ते सहन करतीलच असं नाही. मेसा ड्युअल रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन आवाज आवळणारी जोडणी) काढलेला असतो. तळ मोठा पण सैल. घट्ट रिफ वाजवायचे असतील तर तिथे पेडल जवळपास सक्तीचंच.

50 आणि 100 वॅटमध्ये आवाजाचा फरक फक्त 3 डेसिबल. घरी वाजवायचं म्हणून 50 घेतलं तर कानाला फार दिलासा मिळणार नाही. वजन मात्र कमी होतं, आणि बदलायच्या पॉवर ट्यूब दोनच.

परदेशातून सेकंडहँड आणत असाल तर आधी मागची प्लेट वाचा. 120 व्होल्टचं हेड आपल्या 230 ला थेट लावलं तर फ्यूज उडणं ही त्यातली स्वस्त शक्यता. 100-120 वॅटच्या हेडला किमान 750 व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, अर्थिंगसकट.

कॅबचं (स्पीकरच्या पेटीचं) गणितही चुकवू नका. 16 ओहमचे दोन कॅब समांतर जोडले की 8 ओहम होतात, हेडच्या मागचा ओहमचा सिलेक्टर 8 वर हवा. केबल स्पीकरचीच, गिटारची नाही. कॅब न लावता हेड वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

2203 च्या पॉवर ट्यूब बदलल्या की बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट, लावावाच लागतो. समजा प्लेटवर 460 व्होल्ट आहेत. ईएल34 ची मर्यादा 25 वॅट, तिचे 70 टक्के म्हणजे 17.5, भागिले 460, म्हणजे प्रत्येक ट्यूबला साधारण 38 मिलीअँपिअर. मूळ 5150 मध्ये बायस फिक्स आणि थंड असतो, फिरवायला पॉट नाही. हे काम टेक्निशियनकडेच द्या. हेड बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

विकत घेताना दहा मिनिटं मोठ्याने वाजवा आणि मागून बघा. पॉवर ट्यूबच्या प्लेटवर लाल डाग चढत असेल तर लगेच बंद करा. प्रीअँप ट्यूबवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्क्यांचाही आवाज उचलते. ट्यूब पेटतात पण आवाज शून्य, असं असेल तर एचटी फ्यूज (ट्यूबच्या उच्च व्होल्टेजच्या लाइनवरचा) बघा. तो बहुतेक वेळा पॉवर ट्यूब शॉर्ट झाल्यामुळे जातो, त्यामुळे ट्यूब न तपासता नुसता फ्यूज बदलला तर तोही उडेल.