जेरुसलेममध्ये नकाशाआधी वार शिका

जेरुसलेमचं जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात बांधलेल्या तटाच्या आत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला वीस मिनिटं पुरतात. गल्ली चुकली तरी थोड्या वेळात कुठल्या ना कुठल्या दरवाजाशी निघताच. त्यामुळे इथे माणसं रस्ता फारशी चुकत नाहीत, वार चुकतात. शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार ज्यूंचा, रविवार ख्रिश्चनांचा. ओळीने तीन दिवस कुठे ना कुठे कुलूप. चार दिवसांची सहल असो की दोन वर्षांची नोकरी, हा हिशेब आधी डोक्यात बसवावा.

सुरुवात शब्बातपासून, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्यापासून. मराठी माणसाला हा प्रकार तसा अनोळखी नाही. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवणारे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, शनिवारी काम करत नसत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. इथे तो शनवार पश्चिम जेरुसलेमच्या बहुतेक भागाला लागू होतो. आणि तो शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला बदलतो, ज्यूंच्या पंचांगात सूर्यास्ताला. त्यातही जेरुसलेमची रीत अशी की सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी दिवे लावायचे. तेव्हा शहरभर भोंगा वाजतो. नव्या माणसाला तो हल्ल्याचा इशारा वाटतो. फरक लक्षात ठेवा: शब्बातचा भोंगा एका सुरात वाजतो, हल्ल्याचा सूर वरखाली होत राहतो.

डिसेंबरमध्ये हा भोंगा दुपारी चारच्या सुमारास वाजतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात शुक्रवार हा अर्धाच दिवस धरायचा. ट्राम, सरकारी बस आणि तेल अवीवची ट्रेन भोंग्याची वाट पाहत नाहीत, त्याच्या बऱ्याच आधी थांबतात आणि शनिवारी रात्री अंधार पडल्यावर हळूहळू सुरू होतात. विमानाचं तिकीट काढताना हे बघाच. एरवी विमानतळावरून जेरुसलेमच्या इत्झाक नावोन स्टेशनवर ट्रेन अर्ध्या तासाच्या आत आणून सोडते (हे स्टेशन जमिनीखाली सुमारे ८० मीटरवर आहे, नुसतं वर यायलाच लांबलचक सरकते जिने चढावे लागतात). पण शुक्रवारी दुपारनंतर उतरलात तर टॅक्सीशिवाय फारसा पर्याय उरत नाही, आणि ती स्वस्त नसते. गुरुवारी रात्रीपर्यंत पोहोचा, नाहीतर सरळ रविवारचं विमान घ्या.

शुक्रवारी सकाळी महाने येहुदा बाजारात जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात शिरण्यासारखं आहे. गर्दी नको असेल तर आठच्या आत उरका. पैसे वाचवायचे असतील तर उलट करा: बाजार बंद होण्याच्या शेवटच्या तासात जा. पालेभाजी, स्ट्रॉबेरी, पाव असला उद्यापर्यंत न टिकणारा माल विक्रेते ओरडून ओरडून उतरत्या भावात काढत असतात. मात्र तेव्हा बस किंवा ट्राम मिळेलच असं नाही, म्हणून पिशव्या हाताने वाहून नेता येतील एवढंच घ्या. हे शहर डोंगरावर वसलंय, घराकडचा रस्ता बहुतेक वेळा चढाचाच निघतो.

शब्बातला चूल पेटवणं आणि विजेचं बटण दाबणं वर्ज्य. म्हणून हॉटेलात शनिवारी सकाळी गरम ऑम्लेट मागू नका, मिळणार नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबत असेल तर ती बिघडलेली नाही, ती शब्बातची लिफ्ट आहे. बटण न दाबता वापरता यावी म्हणून तशी लावलेली असते. पश्चिम भिंतीशी, म्हणजे ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळाशी, शब्बातला फोटो काढायचे नाहीत, फोनही बाहेर काढायचा नाही. मेआ शेआरिमसारख्या कट्टर धार्मिक वस्तीत त्या दिवशी गाडी नेणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. तिथे एरवीही कोपर आणि गुडघे झाकलेले असावेत. आणि लोकांचे, विशेषतः मुलांचे, फोटो कुठल्याच वारी काढू नयेत.

मग शनिवारी करायचं काय? पूर्वेला जायचं. डमास्कस गेटच्या आतला अरबांचा बाजार त्या दिवशी नेहमीसारखा चालू असतो, शेजारच्या स्थानकातून बेथलेहेमच्या अरब बसही सुटतात. बेथलेहेम दहाएक किलोमीटरवर आहे. जाताना सहसा कोणी विचारत नाही, परतताना मात्र चौकीवर बस थांबते आणि पासपोर्ट बघतात. झेरॉक्स चालेल असं गृहीत धरू नका, मूळ पासपोर्ट हवा आणि त्यासोबत विमानतळावर दिलेला प्रवेशाचा छोटा कागदी तुकडा हवा. इस्रायल पासपोर्टवर सहसा शिक्का मारत नाही, हा तुकडाच शिक्क्याच्या जागी असतो. बोर्डिंग पास समजून लोक तो फेकून देतात, मग शोधत बसतात. पासपोर्टच्या कव्हरमध्ये खोचून टाका.

शुक्रवारचा खरा तमाशा बघायचा तर जुन्या शहरातली एल-वाद गल्ली गाठा. डमास्कस गेटपासून पश्चिम भिंतीकडे उतरत जाणारी ही अरुंद गल्ली. दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी हजारो लोक तिच्यातून अल-अक्सा मशिदीकडे जातात आणि एकदम परततात. तीन वाजता (उन्हाळ्यात चारला) फ्रान्सिस्कन साधू क्रूसाची वाट, म्हणजे येशूने क्रूस वाहिला ती वाट, चालायला निघतात, त्या चौदा थांब्यांपैकी काही याच गल्लीवर आहेत. आणि दिवस कलला की काळ्या कोटातले ज्यू झपाझप पावलं टाकत याच गल्लीने भिंतीकडे उतरतात. तीन धर्मांचे तीन लोंढे, एकाच दिवशी, एकाच फरसबंदीवरून. बघायला उभं राहायचं तर दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहा. जुम्मा सुटतानाच्या अर्ध्या तासात प्रवाहाच्या उलट चालायचा हट्ट करू नका. आणि मालाच्या हातगाड्यांपासून जपा. पायऱ्यांच्या मधोमध गाड्यांसाठी उतरण्या केलेल्या आहेत. उतारावर हमाल गाडीमागे साखळीने बांधलेल्या जुन्या टायरवर उभा राहतो आणि टायर दगडावर घासत जातो. ब्रेक म्हणून एवढंच. मागून टायर घासल्याचा आवाज आला की वळून बघू नका, आधी भिंतीला चिकटा. शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेला तो दगड पावसात शेवाळल्यासारखा निसरडा होतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच, कोल्हापुरीचं तिथे काम नाही.

हराम अल-शरीफ, म्हणजे सोनेरी घुमटाचं आवार, बिगरमुसलमानांसाठी रविवार ते गुरुवारच उघडं असतं. तेही सकाळी तीनेक तास आणि दुपारी तासभर. वेळा उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतात, सण किंवा ताणतणाव असला की ऐनवेळी प्रवेश बंद होतो. आवाराला दरवाजे पुष्कळ आहेत, पण पर्यटकांनी आत जायचं ते एकाच दरवाजाने: पश्चिम भिंतीशेजारच्या लाकडी पुलावरून, मुघराबी दरवाजातून. बाहेर मात्र कुठूनही पडता येतं. जपमाळ, पोथी, मूर्ती असं धार्मिक काहीही जवळ नको, तपासणीत अडवतात. घुमटाच्या आत बिगरमुसलमानांना जाता येत नाही. ज्याला एकच सकाळ मोकळी आहे त्याने ती इथेच लावावी, बाकी सगळं नंतर बघता येतं.

येशूच्या पवित्र कबरीच्या चर्चला याच्या उलट न्याय. ते पहाटेच उघडतं, उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात चारला. पर्यटकांच्या झुंडी आठनंतर येतात. नऊ वाजता कबरीपुढे तासाभराची रांग असते, साडेपाचला थेट आत जाता येतं. या एका चर्चमध्ये सहा पंथांची वहिवाट आहे: ग्रीक, लॅटिन (म्हणजे कॅथलिक), आर्मेनियन, कॉप्ट, सीरियाक आणि गच्चीवर इथिओपियन. कोणी कुठला कोपरा झाडायचा हेसुद्धा ऑटोमन काळापासून ठरलेलं. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी पिढ्यान्‌पिढ्या तशीच टेकलेली आहे, कारण ती हलवण्याचा हक्क कोणाचा यावर एकमत नाही. भावकीत अडकलेल्या वाड्याच्या दिंडीदरवाजाची आठवण व्हावी. आणि दाराची किल्ली दोन मुसलमान घराण्यांकडे.

आठवडा पचला की वर्ष. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळणारं, १९ वर्षांत सात वेळा अधिक महिना घेणारं. फरक इतकाच की त्यांचा अधिक महिना ठरलेला आहे, नेहमी अदारच. त्यामुळे पेसाख हा त्यांचा मोठा सण कायम वसंतात येतो. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. पूर्वेकडची चर्च जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर, १३ दिवस मागे. परिणामी इथे नाताळ तीनदा होतो: २५ डिसेंबर, ७ जानेवारी आणि आर्मेनियनांचा १९ जानेवारी. घर बदलणं, दवाखाना, सरकारी काम, काहीही ठरवण्याआधी ही सगळी पंचांगं एकदा चाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यू सण इतके लागोपाठ येतात की कुठल्याही कचेरीत एकच उत्तर मिळतं: 'सणांनंतर'. योम किप्पूरला, म्हणजे त्यांच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, तर विमानतळही बंद. रिकाम्या हमरस्त्यांवर मुलं सायकली फिरवतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आदल्या शनिवारी ख्रिश्चन मोहल्ल्यात पोलिसांचे अडथळे लागतात, त्या दिवशी तिकडे सहज फिरायला म्हणून जाऊ नये.

आता घर. जाहिरातीतली 'तीन खोल्या' म्हणजे दिवाणखाना धरून तीन, आपल्या भाषेत टू बीएचके. भाड्याशिवाय दोन खर्च भाडेकरूच्या माथी येतात: महापालिकेचा कर 'आर्नोना' आणि सोसायटीचा मेंटेनन्स म्हणजे 'वाद बायित'. आर्नोना क्षेत्रफळावर लागतो आणि आपल्याकडे तो मालक भरतो म्हणून नवखे हिशेबात धरतच नाहीत. विद्यार्थ्यांना सवलत मिळू शकते, पण अर्ज केला तरच. मालक अनेकदा पुढच्या तारखांचे १२ चेक आणि जामीनदार मागतो. परदेशी माणसाकडे दोन्ही नसतात, तेव्हा बँक खातं होईपर्यंत दोन-तीन महिने भाड्याच्या एखाद्या खोलीत काढणं शहाणपणाचं. करार हिब्रूत असतो, वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय सही नाही.

घर बघताना दोन गोष्टी विचारा. पहिली 'ममाद', म्हणजे काँक्रीटच्या भिंतींची सुरक्षित खोली. नव्वदीनंतरच्या इमारतींत ती सहसा असते, जुन्या दगडी घरांत नसते; मग इमारतीचा निवारा कुठे आहे आणि त्याचं दार उघडतं का, ते प्रत्यक्ष उतरून बघा. जेरुसलेमला हल्ल्याच्या भोंग्यानंतर निवारा गाठायला धरलेला वेळ ९० सेकंद. चौथ्या मजल्यावरून तेवढ्यात तळघर गाठता येतं का, हे घड्याळ लावून बघा. हल्ल्याचे इशारे देणारं होमफ्रंट कमांडचं (सैन्याच्या नागरी संरक्षण विभागाचं) ॲप फोनवर घ्या आणि तेल अवीवच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा.

दुसरी गोष्ट थंडी. उंची साधारण ७५० ते ८०० मीटर, कधीमधी बर्फही पडतो. दगडी घर जानेवारीत बाहेरच्यापेक्षा आत गार असतं. उत्तरेच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलं की मागे बुरशी धरते, म्हणून चार बोटं जागा सोडा आणि पाऊस थांबला की खिडक्या उघडा. पाणी तापवायला गच्चीवर सौर टाकी असते, 'दूद शेमेश'. उन्हाळ्याचे सहा महिने फुकट. ढगाळ दिवसात न्हाणीघराबाहेरचं लाल दिव्याचं बटण अर्धा-पाऊण तास आधी लावायचं. बटण बंद करायला विसरणं हे अवाच्या सवा बिलाचं नेहमीचं कारण. लादी मात्र आपल्यासारखीच धुतात: बादलीभर पाणी ओतायचं, रबरी पट्टीच्या दांड्याने ओढून काढायचं.

शाकाहारी माणसाचं इथे बरं चालतं. ज्यूंच्या कोशर आहारनियमाने मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून 'हलावी' (दुधाचे पदार्थ) पाटी असलेल्या हॉटेलात मांसाचा प्रश्नच नसतो. मासे आणि अंडी मात्र असू शकतात, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. शाकाहारीसाठी हिब्रूत 'त्सिम्खोनी', अरबीत 'नबाती' हे शब्द पाठ करा. मसूर, छोले, तीळकूट लागेल तेवढं मिळतं. पोहे आणि तूरडाळ हवी तर भारतीय वस्तीच्या गावांकडे, रामला किंवा दिमोनाकडे, चौकशी करा. बेने इस्रायल घरांत मलिद्याला पोहे लागतातच: भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची. जाफा गेटजवळ गाडीवर तिळाचा लांबट कडबोळ्यासारखा पाव मिळतो, 'कअक'. सोबत कागदाच्या पुडीत झातर, म्हणजे वाळलेला पाला आणि तिळाचा मसाला, देतात. विसरला तर मागून घ्या, नुसता पाव घशाखाली उतरत नाही.

पेसाखच्या आठवड्यात ज्यू फुगवलेला पाव आणि तसलं धान्य टाळतात, म्हणून पश्चिमेकडच्या दुकानांत पाव, बिस्किटं, पास्ता यांचे रॅक प्लास्टिकने झाकलेले दिसतील. युरोपी ज्यू त्या दिवसांत डाळी-कडधान्यंही टाळतात, तेव्हा कधीकधी छोलेही झाकलेल्या रॅकवर सापडतात. आदल्या आठवड्यात भरून ठेवा. राहिलंच तर डमास्कस गेटला ताजा पाव रोज मिळतो. रमजान आणि पेसाख एकत्र आले तर तो घ्यायला दुपारी न जाता उपास सुटायच्या तासभर आधी जा, तेव्हा भट्ट्या भरात असतात.