वाळवंटातला किल्ला आणि सख्खे भाऊ : तुम्ही विचारलंत म्हणून

मोरोक्कोला ग्रुप घेऊन जायला लागल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे. एर्राशिदियाच्या आसपास बसमधून एखादं पडकं फ्रेंच ठाणं दिसलं की मागच्या सीटवरचे कुणीतरी काका विचारतातच, "काय हो, ते फॉरेन लीजनमधले, म्हणजे फ्रान्सच्या परदेशी शिपायांच्या फौजेतले, सख्खे भाऊ, एकाच किल्ल्यात लढतात वगैरे, ते खरं की सिनेमावाल्यांचं?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो.

भाऊ असणारच हो, पण शोधायचे कसे? भरतीला आलेला माणूस सांगेल ते नाव लिहून घ्यायचे आणि पाच वर्षांच्या करारावर सही, फ्रेंच माणसाला तर शिपाई म्हणून घ्यायचेच नाहीत म्हणून तो स्वतःला बेल्जियन नाहीतर स्विस म्हणवून घ्यायचा. दोघांनी दोन आडनावं दिली की कागदावर नातं खलास. त्यात लीजन 1831 ला सुरू झाली तेव्हा देशवार बटालियन होत्या, त्या पुढे 1835 मध्ये कर्नल बेर्नेलने मोडल्या आणि सगळ्यांची सरमिसळ केली, तेव्हा "आम्ही दोघं बरोबरच राहणार" म्हणणाऱ्यांचं कोण किती ऐकणार, हा आपला माझा अंदाज.

उघड नावानिशी आलेले भाऊ म्हणजे अमेरिकेचे किफिन आणि पॉल रॉकवेल, 1914 ला दोघं एकत्र लीजनमध्ये गेले पण वाट्याला आले ते फ्रान्समधले चिखलाचे खंदक, वाळू नाहीच! किफिन पुढे वैमानिक झाला आणि 1916 ला लढाईत मारला गेला. पॉल 1925 मध्ये मोरोक्कोत आला खरा, पण विमानातून, रिफच्या म्हणजे उत्तर मोरोक्कोतल्या डोंगरी मुलखाच्या लढाईत.

आता किल्ल्याचं. बरीचशी ठाणी म्हणजे दगडमातीच्या चार भिंती, आत मूठभर माणसं, आणि पाणी बऱ्याचदा भिंतीच्या बाहेर. खरी गोम तिथेच आहे. 1925 ला तिथल्याच वेर्गा नदीच्या उत्तरेची फ्रेंच ठाणी रिफवाल्यांचा पुढारी अब्द अल क्रीम याच्या लोकांनी वेढली तेव्हा आतल्यांना विमानातून बर्फाच्या लाद्या टाकायला लागल्या, भर उन्हाळ्यात, तहानेसाठी. ती ठाणी डोंगरातली आणि आतले सगळे काही लीजनवाले नव्हते, पण पाण्याची रड सगळीकडे हीच.

आणि लीजनचे शिपाई किल्ल्यात कमी, रस्त्यावर जास्त. त्यांच्या खेचर कंपन्या होत्या, 1881 पासूनच्या, दोन माणसांत एक खेचर, एक तास हा बसणार तो चालणार, मग उलटं. माझ्या मते भाऊपण बघायचं तर इथे बघा. अल्जीरियात एल मुंगारला 2 सप्टेंबर 1903 ला असल्याच कंपनीची तुकडी काफिल्याबरोबर होती, जरा टेकली तेवढ्यात हल्ला झाला, तीसवर माणसं गेली, कॅप्टनसकट. उघड्या माळावर, तटबिट काही नाही.

बाकी वेळ पहार आणि फावडं. मिडेल्टहून एर्राशिदियाला येताना झिझ नदीच्या घळीत एक छोटा बोगदा लागतो, तो लीजनच्याच शिपायांनी 1927-28 मध्ये खोदलाय. दगड फोडणारा हिरो तिकीट काढून कोण बघणार म्हणा. उतरून बघायचा असेल तर सकाळीच सांगत जा, ऐनवेळी बस थांबवायला सांगितली की ड्रायव्हर कुरकुरतो.