तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला आधी कुठलं ओपनिंग शिकवायचं?

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली. बुद्धिबळाच्या वर्गाबाहेर थांबलेले पालक हे हटकून विचारतात. कुणी यूट्यूबवर बघून 'लंडन सिस्टिम' या ओपनिंगचं नावही घेऊन येतं. मी त्यांना एक डाव दाखवतो.

इंग्लंडमधली हेस्टिंग्जची स्पर्धा, १९३०-३१. पांढरी मोहरी मीर सुलतान खानकडे, काळी कापाब्लांकाकडे. कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता. सुलतान खान पंजाबातल्या एका नवाबाच्या पदरी. तो लहानपणी देशी पद्धतीचा खेळ शिकला होता. त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं आणि आजच्यासारखा किल्लेकोट (राजा आणि हत्तीची जोडचाल) नसतो.

कापाब्लांकाने क्वीन्स इंडियन बचाव घेतला, काळ्याचं एक ओपनिंग. पाचव्या चालीला सुलतान खानने कडेचं प्यादं एक घर पुढे सारलं: ए३, म्हणजे ए पट्टीतलं तिसरं घर. दिसायला फुकट गेलेली चाल! पण काळ्याचा उंट बी४ वर येऊन घोड्याला जखडणार (घोडा हलला तर राजाला शह), ती वाटच बंद झाली; बी४ वर आता या प्याद्याचा मारा आहे. आज क्वीन्स इंडियनमधल्या ए३ ला पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोसियनचं नाव आहे. या डावाच्या वेळी पेट्रोसियन जेमतेम दीड वर्षांचा होता.

पुढे गंमत आहे. कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीवर (पटाच्या तिसऱ्या उभ्या ओळीत) आणले आणि शह देत आत घुसवले. सुलतान खानने वजीर दिला, बदल्यात दोन्ही हत्ती घेतले. राजा तर पटाच्या मध्येच, किल्लेकोट शेवटपर्यंत नाही. वजीर राहिलेला जिंकणार असं कुणालाही वाटेल. पण प्यादी एकमेकांना अडून बसलेली, वजिराला मारायला सुटं काही नाही. तो नुसता घिरट्या घालत राहिला आणि पांढऱ्याचे हत्ती सावकाश पकड घट्ट करत गेले. ६५ चालींत कापाब्लांका हरला. त्या स्पर्धेत तो एवढा एकच डाव हरला. पहिला आला नेदरलँड्सचा युवे, सुलतान खान तिसरा.

ए३ ही चाल देशी खेळाच्या सवयीतून आली असावी, असा माझा आपला तर्क. पाठांतरातून आली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून वर्गात मी पट पाचव्या चालीपर्यंत मांडतो आणि विचारतो, हे प्यादं का हललं? ज्या पोराला तो उंट दिसतो, त्याला कुठलंही ओपनिंग द्या. ज्याला दिसत नाही, त्याला अजून महिनाभर नुसते डाव खेळू द्या. लंडनची घाई नाही.