शेवटचे पाच मीटर : सिम्युलेटरवर ड्रॅगन जोडताना माझा अनुभव

०.२ या आकड्यावर माझा अजून राग आहे.

२०२५ च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्लांचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडचं उड्डाण सारखं पुढे ढकललं जात होतं. २९ मे गेली, ८ जून गेली. १० जूनला हवामान आडवं आलं, ११ ला फाल्कन-९ रॉकेटमधली द्रव ऑक्सिजनची गळती. त्यानंतर स्थानकाच्या रशियन झ्वेझ्दा भागातल्या गळतीचा प्रश्न निघाला. वाट बघून जीव कातावला, तेव्हा त्यांना नेणाऱ्या ड्रॅगन यानाचा, ब्राउझरवर चालणारा डॉकिंग सिम्युलेटर उघडला, म्हणजे यान स्थानकाला जोडण्याचा सराव-खेळ. त्यात उड्डाण नाही. स्थानकापासून सुमारे २०० मीटरवर, जरा वाकड्या यानात तुम्ही थेट बसता. रोल, पिच, यॉ (यानाच्या कलण्या-वळण्याचे तीन कोन) सरळ करणं आणि पुढे सरकणं पहिल्याच संध्याकाळी जमलं. अडलो शेवटच्या पाच मीटरांत, आणि तिथे अकरा दिवस अडलो.

नियम असा : टेकण्याच्या क्षणी सगळे हिरवे आकडे ०.२ च्या आत हवेत आणि वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आत. समजा, बाकी सगळं जुळलंय, फक्त उंचीत ०.३ चा फरक आहे. मी वरचं बटण एकदा दाबायचो. आकडा हलताना दिसायचा नाही, म्हणून पुन्हा दाबायचो. मग तो ०.३ वरून शून्यावर यायचा आणि न थांबता पलीकडे जायचा. तो सावरेपर्यंत बाजूचा आकडा बिघडलेला, आणि स्थानक तर समोर येतच असायचं. नाव धक्क्याला लावताना निदान पाणी अडवतं. इथे अडवणारं काहीच नाही. दिलेला प्रत्येक धक्का ही उधारी असते. तेवढाच उलटा धक्का देईपर्यंत ती फिटत नाही.

हे डोक्याला पटलं तरी बोटांना पटेना. शेवटी कागद घेतला. वर दोन, खाली एक, म्हणजे एक बाकी. अशा रेघा मारत गेलो आणि त्या कागदानेच मला सोडवलं. कोन मात्र आधी सरळ करून टाका. नाक तिरकं असेल तर ‘पुढे’ दिलेला धक्काही बाजूला नेतो. बारीक हालचालीचा पर्याय आहे, शेवटी तोच ठेवा.

मधल्या काळात मीर या जुन्या रशियन अंतराळ स्थानकाचा अपघात वाचला. २५ जून १९९७ ला व्हसिली त्सिब्लियेव्ह पडद्यावरचं चित्र बघत प्रोग्रेस हे मालवाहू यान जोडत होते. यानाचा वेग वेळेत आवरला नाही. ते स्पेक्त्र मॉड्यूलला धडकलं, तिथली हवा गळू लागली आणि तो भाग बंद करावा लागला. नुसत्या चित्रावरून वेग कळत नाही हे मला आतून समजलं ते तेव्हा. त्यानंतर मी चित्र सोडून आकड्यांकडे बघू लागलो आणि २० मीटरवर पूर्ण थांबायला शिकलो. खरा ड्रॅगनही तिथे थांबण्याची सोय ठेवतो.

२२ जूनच्या रात्री सिम्युलेटरवर माझं यान जोडलं गेलं. घरात सगळे झोपले होते, मी एकटाच उठून उभा राहिलो.

२५ जूनला दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुक्ला खरोखर उडाले. सुमारे २८ तासांनी, दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास, यान स्थानकाच्या हार्मनी या भागाला लागलं. ड्रॅगन हे काम आपोआप करतो, अंतराळवीर लक्ष ठेवून असतात. तरी शेवटच्या २० मीटरला माझी बोटं टेबलावर दाबली जात होती. आधी हलकी पकड, मग १२ हुक. ऑफिसातला मित्र म्हणाला, “लागलं ना, मग दार का उघडत नाहीत?” जोडावरून हवा गळत नाही ना, हे आधी तपासतात. त्यात तासाभराहून जास्त जातो.

एक सांगायचं राहिलं : माउस नको, कीबोर्ड वापरा. नजर आकड्यांवरून हलवावी लागत नाही.