कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ध्रुवावरचे प्राणी: बर्फ, डालडा आणि घोंगडी

ध्रुवावरचे प्राणी मुलांना घरच्या घरी खेळातून दाखवायचे, तर खेळण्यातलं पांढरं अस्वल आणि पेंग्विन एका परातीत ठेवू नका. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या संचात दोघं बऱ्याचदा एकाच पाकिटात येतात आणि मुलांच्या डोक्यात ते कायमचे शेजारी होऊन बसतात. अस्वल, वॉलरस, बर्फाळ कोल्हा हे उत्तरेकडचे, तर पेंग्विन दक्षिणेकडचा. म्हणून दोन पराती घ्या. उत्तरेच्या परातीत कडेने माती लावा आणि मधे पाणी नि बर्फ टाका, कारण आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र. दक्षिणेच्या परातीत मधोमध दगड-माती, तिच्यावर बर्फ आणि भोवताली पाणी, कारण अंटार्क्टिका ही समुद्राने वेढलेली जमीन. उदबत्तीच्या काडीला कागदाचा तिरंगा चिकटवून दक्षिणेच्या परातीत दोन ठिकाणी रोवा. भारताची तिथे दोन संशोधन केंद्रं आहेत: एक १९८९ चं 'मैत्री', दुसरं २०१२ चं 'भारती'. उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून 'हिमाद्री' आहे, तिसरा झेंडा तिथे. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढा भूगोल पुरे.

आता बर्फात अडकलेले प्राणी. हा खेळ सगळ्यांना माहीत असतो, पण बहुतेक घरांत तो एकाच ठिकाणी फसतो. डब्यात प्राणी टाकून वरून पाणी ओतलं की पोकळ प्लास्टिक तरंगतं आणि सकाळी सगळे प्राणी लादीच्या वरच्या अंगाला अडकलेले मिळतात. दोन मिनिटांत सुटतात, खेळ संपला. त्यासाठी तीन थरांत गोठवा. आइस्क्रीमच्या एक लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात आधी दोन बोटं पाणी गोठवा. मग त्यावर प्राणी आडवे ठेवून त्यांचे पाय बुडतील एवढंच पाणी घाला आणि पुन्हा गोठवा. ते पक्के धरले गेले की फ्रीजमधलं गार पाणी घालून डबा भरा. वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. काचेची बरणी याच कारणाने तडकते, ती वापरूच नका. आदल्या दिवशी सकाळी सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी लादी तयार मिळते. रात्री लाईट गेली असेल तर फ्रीजर उघडून बघण्याचा मोह आवरा.

पाणी पिण्याचंच घ्या, मुलं बर्फ चाटणारच. रंग हवा असेल तर खायचा रंग एक थेंब. कपड्यांची नीळ दिसायला सुंदर, पण ती पोटात जायची वस्तू नाही. लादी काढल्यावर पाच-दहा मिनिटं परातीत तशीच राहू द्या, नाहीतर ओली बोटं आणि जीभ तिला चिकटतात. मग कोमट पाण्याची वाटी, औषधाचा ड्रॉपर, जुना ब्रश आणि लाकडी चमचा द्या. एप्रिलच्या दुपारी, पारा ३७-३८ वर असताना, हा खेळ अंगणात केला तर ऊनच निम्मं काम करून टाकतं आणि मुलांना काही उरत नाही. घरात, फरशीवर, खाली जुना टॉवेल घालून करा.

मिठाबद्दल जरा सावकाश सांगायला हवं. चिमूटभर खडे मीठ टाकलं की बर्फात खळगे पडत जातात, मुलं तासन् तास बघतात. पण मिठाने बर्फ वितळतो तसा तो अधिक थंडही होतो, शून्याच्या बराच खाली जातो. मीठ लावलेला बर्फ मुठीत धरून ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून मीठ चमच्यानेच टाकायचं, आणि मीठ सुरू झालं की त्या बर्फाला हात लावायचा नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो डालड्याचा हातमोजा. झिप असलेल्या दोन सारख्या पिशव्या आणि साधारण २०० ग्रॅम वनस्पती तूप लागतं. एका पिशवीत तूप भरा. दुसरी पिशवी उलटी करून तिच्यात घाला, म्हणजे दोघींच्या झिपा एकमेकींत बसतात. बसत नसतील तर कडेने रुंद चिकटपट्टी लावा. तूप बाहेरून दाबून सगळीकडे बोटाच्या जाडीएवढं पसरवा. उन्हाळ्यात डालडा मऊ पडतो आणि मुलाने हात आत ढकलला की बोटांच्या टोकापासून बाजूला सरकतो. थंडी नेमकी तिथूनच लागते. म्हणून आधी वीस मिनिटं हातमोजा फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. तूप नसलेला असाच दुसरा जोडही बनवा, नाहीतर प्लास्टिकनेच थंडी अडवली असं मुलांना वाटेल. बादलीत दोन लिटर पाणी आणि दोन ट्रे बर्फ घालून पाच मिनिटं थांबा, मग एका हाताला एक, दुसऱ्याला दुसरा. रिकाम्या पिशवीतला हात लगेच बाहेर येतो. अस्वलाच्या कातडीखाली १० सेंटीमीटरपर्यंत चरबी असू शकते, हे त्या क्षणी सांगा. उघडा हात बुडवायचा असेल तर दहा सेकंद, जास्त नाही.

मग अस्वलाच्या केसांचं काय? आपल्याकडे घोंगडी आहे. एकाच मापाच्या वाट्यांत गोठवलेले बर्फाचे दोन गोळे घ्या, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत बांधा म्हणजे लोकर भिजणार नाही. एक ताटात उघडा ठेवा, दुसरा घोंगडीच्या दुमडलेल्या तुकड्यात गुंडाळा. कुठला आधी वितळेल, असं विचारा. घोंगडीतला, असंच बहुतेक मुलं सांगतात, कारण घोंगडी गरम असते. अर्ध्या तासाने उघडून बघा: घोंगडीतला जास्त शिल्लक असतो. घोंगडी स्वतः ऊब देत नाही, लोकरीत अडकलेली हवा आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. त्यानंतर हाताला लोकरी मोजा घालून तोच हात बर्फाच्या बादलीत बुडवायला सांगा. लोकर भिजली की हवा गेली आणि थंडी आत आली. व्हेल केसांवर का अवलंबून राहत नाही, ते मुलं इथून स्वतःच सांगतात.

पेंग्विनचं अंडं झटपट होतं. मोज्यात ४५० ग्रॅम तांदूळ भरून गाठ मारा. सम्राट पेंग्विनचं अंडं साधारण एवढ्या वजनाचं असतं. ते पावलांवर ठेवून स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालायचं. हे काम बाबांना द्या, कारण तिथे नरच ते सुमारे ६५ दिवस पायांवर उबवतो, काही न खाता. भिंतीवर ११५ सेंटीमीटरवर खडूची रेघ ओढा. सम्राट पेंग्विन साधारण तेवढा उंच असतो, पहिलीतल्या मुलाच्या बरोबरीचा.

नकली बर्फ करायचा तर दोन वाट्या मैद्यात पाव वाटी सूर्यफुलाचं तेल चोळा. शेंगदाणा तेलाने वास येतो आणि बर्फ पिवळट दिसतो. कच्चा मैदा तोंडात जाऊ देऊ नका, आणि खेळ संपताच डब्यात भरा, मुंग्या वाट बघत नाहीत. थर्माकोलचे मणी नकोत. पाण्यात फुगणारे जेलीचे मणी तर घरातच आणू नका, गिळले तर पोटात फुगून आतडं अडतं. तीन वर्षांखालच्या मुलाला टिश्यूच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल असा कुठलाही प्राणी देऊ नका, आणि बर्फाचे लहान तुकडेही नकोत.

शेवटी उरलेला डालडा मोरीत ओतू नका, नळी तुंबते. पिशवी तशीच झाकून फ्रीजमध्ये ठेवली तर पुढच्या खेळाला चालते. झिप सुटायला लागली की पिशवी बदला.